वावराचा भाव

पारोळा आणि एरंडोलच्या मधे, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. इथे पारावर बसलेल्या माणसाला कपाशीचा भाव विचारला तर तो नुसता हात झटकतो. एकराचा भाव विचारा, लगेच सरसावून बसतो. कोणाचं वावर, म्हणजे शेत, कितीला सुटलं, इसार किती दिला, एजंट कोण होता, पार्टी जळगावची की सुरतची, सगळं तोंडपाठ. ज्याने उभ्या आयुष्यात गुंठाभर विकलेलं नाही आणि विकणारही नाही, तोही "आपलं वावर आते सोनं व्हई गयं" म्हणून मांडीवर थाप मारतो. मारणाऱ्यांत आमचे आबा पहिले. आबा म्हणजे माझे चुलते, पण सगळं गावच त्यांना आबा म्हणतं.

फागणे ते तरसोद हा महामार्गाच्या चौपदरीचा पट्टा वर्षानुवर्षं रखडला, तेव्हा हाच पार त्या रस्त्याला शिव्या घालायचा. खड्डे, धूळ, अपघात, एवढंच त्या रस्त्याचं भांडवल होतं. रस्ता सुधारायला लागला आणि लोकांची नजर खड्ड्यावरून कडेच्या जमिनीवर गेली. लगतचं वावर पन्नास लाख एकरानं मागतात, असं आमच्याकडे बोललं जातं. मागतात हे खरं. देणारे किती, हा प्रश्न पारावर विचारायचा नसतो.

त्या एकरात पिकतं काय, हे बघू. कोरडवाहू कपाशी. पाऊस बरा झाला तर एकरी सहा क्विंटल धरा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे एकराचे अठ्ठेचाळीस हजार आणि वर काही, तेही हमीभाव पदरात पडला तर. त्यातून बियाण्याची पाकिटं, खत, फवारे, निंदणी आणि किलोवर मोजून द्यायची वेचणी वजा करा. हातात वीस हजार राहिले तर घरात गोडधोड करावं. पन्नास लाखांवर वीस हजार म्हणजे शेकड्याला वर्षाचे चाळीस पैसे. साधी बँकेतली ठेव यापेक्षा कितीतरी जास्त देते. कपाशी लावून या जमिनीची किंमत वसूल करायची तर अडीचशे वर्षं लागतील. बोंडअळीने एवढी सवड दिली म्हणजे झालं.

रिकार्डो नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1817 मध्ये एक गोष्ट मांडून ठेवली: जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, जास्त म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग म्हणून खंड वाढतो. त्याच्या काळी जमिनीचा भाव पिकाच्या मागून चालायचा. आमच्याकडे पीक आहे तिथेच आहे आणि भाव एकटाच सुटला आहे. तो पन्नास लाखांचा आकडा मातीचा नाही आणि शेतकऱ्याच्या घामाचाही नाही. तो रस्त्याचा आहे. रस्ता सरकारने बांधला, म्हणजे सगळ्यांच्या पैशातून झाला. टोल देणाऱ्याच्या, डिझेल भरणाऱ्याच्या, साबणाची वडी घेताना जीएसटी भरणाऱ्या मजुराच्याही पैशातून. त्या रस्त्याने आणलेली किंमत मात्र ज्याच्या नावाचा सातबारा रस्त्याला लागून आहे त्याच्या पदरात पडली. शिवारात आत, नाल्यापलीकडे ज्यांची वावरं आहेत त्यांनी काय कमी कष्ट केले होते?

बरं, पदरात पडली म्हणजे तरी काय झालं?

माझा एक चुलतभाऊ सुरतेच्या उधन्याला असतो. खानदेशातली कितीतरी घरं सुरतेच्या पगारावर चालतात, तसं त्याचंही. त्याने वाट्याची दोन एकर विकली आणि सुरतेला फ्लॅट घेतला. गावात सगळे म्हणाले, पोरानं सोनं केलं. पण इकडे वावर वाढत होतं तेव्हा तिकडे फ्लॅट काय झोपला होता? तोही वाढतच होता. चढ्या भावाने विकलं, चढ्या भावाने घेतलं. दोन एकरांना दोन खोल्या आल्या. शिवाय तिकडचा मुद्रांक, दोन्हीकडचे एजंट. तो सुखात आहे, त्याच्या पोरांना पाण्याचा नळ घरात आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एवढंच, की मधल्या वाढीतून तो श्रीमंत झाला हे त्याचं त्यालाही हिशोबात सापडत नाही.

आबा विकत नाहीत. त्यांची पाच एकर कागदावर अडीच कोटींची झाली. या अडीच कोटींच्या मालकाला दर जूनमध्ये सोसायटीच्या पीककर्जासाठी सचिवाच्या मागे फिरावं लागतं. पीककर्ज जमिनीच्या भावावर मिळत नाही. कोणत्या पिकाला हेक्टरी किती द्यायचं याचा दर जिल्ह्याची समिती ठरवते. हायवेलगतच्या कपाशीला तोच दर, नाल्यापलीकडच्या कपाशीलाही तोच. आबांची सदऱ्याची बाही गेली दोन वर्षं उसवलेली आहे. घर तेच, बैल तेच, चहातली साखर तेवढीच. वाढला तो फक्त त्यांचा आवाज.

आता सगळ्या गावाची बेरीज करा. शिवारातल्या प्रत्येक एकराचा भाव दुप्पट झाला, तर गावाची संपत्ती कागदावर दुप्पट झाली. विहिरी किती वाढल्या? एकही नाही. क्विंटलभर कापूस जास्त आला का, शाळेला खोली झाली का, दवाखान्यात डॉक्टर आला का? देशाचं उत्पन्न मोजणारे लोक या बाबतीत आमच्या पारापेक्षा शहाणे आहेत. जमिनीचा नुसता भाव वाढला तर ते ती वाढ जीडीपीत धरतच नाहीत. धरतात ते एजंटचं कमिशन, कारण त्याने निदान चार फेऱ्या तरी मारलेल्या असतात.

मग भाववाढीतून कोणीच काही मिळवत नाही का? तर तसंही नाही. ज्याच्याकडे आहे त्याचा हक्क ज्याच्याकडे नाही त्याच्यावर वाढतो. उद्या ज्याला घ्यायचं आहे, त्याने आजच्या मालकाला आपल्या कमाईची आणखी जास्त वर्षं मोजून द्यायची, असा हा व्यवहार आहे. लग्नाची मुलं आमच्याकडे घराघरात बसून आहेत. मुलीचा बाप पहिलं विचारतो, जळगावला नाहीतर नाशिकला स्वतःचं घर आहे का? त्याचं विचारणं चूक नाही. पण पंधरा-वीस हजारांवर लागलेला मुलगा शहरात प्लॉट घेईल कसा? ज्याच्या बापाने 1995 च्या सुमाराला प्लॉट घेऊन ठेवला त्याचं लग्न होतं. ज्याच्या बापाने त्या वर्षी बहिणीचं लग्न केलं, त्याचं राहतं. अक्कल, कष्ट, डिग्री यांचा नंबर त्यानंतर लागतो.

करातही हीच तऱ्हा. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही. जळगावएवढ्या लोकसंख्येच्या शहराला हे अंतर सहा किलोमीटर. त्याच्या पलीकडची शेतजमीन कितीही कोटींना विका, भांडवली नफ्यावर कर शून्य. शेतकऱ्याला दिलासा म्हणून केलेली ही तरतूद असेल, आणि गरजेपोटी विकणाऱ्याला ती हवीच. पण आमच्याकडे ती सगळ्यात आधी समजते ती सफारी घालून येणाऱ्या पार्टीला.

सगळीच वाढ फुकाची असते असं मात्र मी म्हणणार नाही. रावेर-यावलकडे जा. तिथल्या केळीच्या जमिनीलाही भाव आहे आणि तोही कमी नाही. पण तिथे ठिबक आलं, टिश्यूकल्चरची रोपं आली, घडाचं वजन वाढलं, पाणी मोजून जाऊ लागलं. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. सावद्याहून केळीच्या गाड्या उत्तरेकडे जातात तेव्हा सावद्याला पैसा येतो, आणि दिल्लीला केळं मिळतं. दोन्हीकडे काहीतरी जास्त झालं. तिथला चढा भाव मागच्या वीस-तीस वर्षांच्या कामाची पावती आहे. आमचा भाव अजून न आलेल्या पेट्रोलपंपाची.

आणि या न आलेल्या पेट्रोलपंपापायी आलेलं पीक जातं, हे मला जास्त खुपतं. गावाच्या पूर्वेला सात-आठ एकरांचं एक रान होतं, पाण्याचं. ऐन उन्हाळ्यात तिथे भुईमूग हिरवागार दिसायचा. ते घेऊन कोणीतरी एनए, म्हणजे बिगरशेती केलं, प्लॉट पाडले. तोंडाशी लोखंडी कमान, कमानीवर एका देवाच्या नावाचं नगर. आत मुरमाचे रस्ते, प्लॉटच्या चारी कोपऱ्यांना पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेले सिमेंटचे खुंट. सगळे प्लॉट विकले गेलेत म्हणतात. घर एकही नाही. मालक कोण पुण्याला, कोण वापीला. वर्षातून एकदा येतात, आपला खुंट जागेवर आहे ना बघतात, फोटो काढतात आणि भाव विचारून जातात. मधे वेडी बाभूळ माजली आहे. विहीर तशीच आहे, मोटार काढून नेली. या जागेची किंमत भुईमुगाच्या काळाच्या कितीतरी पट झाली असेल, आणि ती गावाला शेंगाही देत नाही.

"जमीन कधी खाली येत नाही," हे आबांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांना एकदा जपानचं सांगितलं. तिथेही ऐंशीच्या दशकात सगळे असंच म्हणत होते, जमीनही वर आणि शेअरही वर. 1989 च्या डिसेंबरात त्यांचा निक्केई निर्देशांक 38,915 वर बंद झाला आणि मग जो घसरला, तो ती पातळी ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. पोरगा नोकरीला लागला तेव्हा घेतलेले शेअर त्याच्या निवृत्तीला मुद्दलात आले. जमिनीही मातीमोल झाल्या. आबा म्हणाले, "त्यासले कपाशी करता येत नही व्हई." विषय संपला.

सोन्याचं थोडं वेगळं आहे, आणि जळगावच्या माणसाने सोन्यावर बोललं नाही तर त्याला जेवण जात नाही. 2000 साली दहा ग्रॅम सोनं साडेचार हजारांच्या आत होतं. त्या साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 1,825 रुपये. म्हणजे अडीच क्विंटल कापूस घातला की तोळा येत होता. एप्रिल 2025 मध्ये सोन्याने लाखाचा आकडा गाठला. त्या लाखासाठी 2025-26 च्या हमीभावानेही बारा क्विंटलच्या वर कापूस लागतो, दोन एकरांचं सगळं पीक. जुनी माणसं सांगतात, एका क्विंटलला तोळा यायचा असाही एक काळ होता. कापसाचे रुपये वाढले नाहीत असं नाही, चौपटीच्या पुढे गेले. पण बाकी सगळं त्याच्या पुढे धावलं.

जमीन गावाबाहेर नेऊन विकता येत नाही, सोनं नेता येतं. 1991 मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झाला तेव्हा देशाने सोनं परदेशात गहाण टाकून वेळ मारून नेली, तेव्हा सोन्याचा भाव ही खरीच संपत्ती होती. पण आपण सोनं फारसं काढत नाही, जवळपास सगळं आयात करतो. तेव्हा भाव चढला की घरातल्या पेटीची किंमत वाढते आणि त्याच वेळी देशाचं बाहेरचं बिलही. ज्यांची पेटी भरलेली आहे ते खूश, ज्यांच्या मुलीचं लग्न ठरायचं आहे ते रडतात. मधल्या माणसांचं आणखी एक होतं. भाव चढला की गळ्यातल्या तेवढ्याच पोतीवर जास्त कर्ज मिळतं. बियाण्याला पैसे नाहीत म्हणून पोत ठेवणारी बाई गेल्या वर्षीपेक्षा जास्त रक्कम घेऊन येते, आणि जास्त व्याजही. काउंटरवरचा मुलगा तिला हसून सांगतो, काकू, तुमचं सोनं वाढलं.

आमच्या फुईचं, म्हणजे आत्याचं, लग्न 1980 च्या आसपासचं. तेव्हा तिला पाच तोळे घातले होते. त्या काळचा रिवाज सरळ होता, मुलीला सोनं आणि मुलाला वावर. फुईचं सोनं अंगावर टिकलं नाही. दोन तोळे दिराच्या आजारपणात गेले, उरलेले चाळीसगावकडच्या विहिरीत. विहिरीला पाणी लागलं नाही. सोनं चढलं ते तिच्याकडून घेणाऱ्यांकडे. आता वावर चढलं तेव्हा आबांना आठवलं की सातबाऱ्यावर वारस म्हणून फुईचंही नाव लागलेलं आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. खापरावरचे मांडे, आमरस, लिंबाला बांधलेला झोका, झोक्यावर गाणी. फुई पासष्टीची झाली तरी झोक्यावर बसते. जेवणं झाल्यावर आबांनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. कागद टाइप करून तयार होता, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुलीही मारलेली होती. जमीन दोन लाखांची असती तर हा कागद कोणी केला नसता. तिचं नाव आणखी वीस वर्षं तसंच सातबाऱ्यावर पडून राहिलं असतं आणि कोणाला खुपलं नसतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाएवढा हक्क महाराष्ट्राच्या कायद्यात 1994 मध्ये आला, 2005 मध्ये सगळ्या देशात, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं. हे सगळं आबांना ठाऊक आहे, वकिलाने सांगितलं आहे. म्हणूनच तर घाई.

"तुले लगीनमा सोनं दिधं व्हतं ना?" आबा म्हणाले.

फुईने कागद उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येतं, पण चष्मा आणला नव्हता. "मन्हं नाव निंघी गयं ते आखाजीले मी कोनाघर येसू?" एवढंच म्हणाली आणि कागद आंब्याच्या पाटीखाली सरकवला. सही केली नाही. नाही म्हणालीही नाही. आबा अजून तिच्यावर रागावलेले आहेत, आणि फुईच्या मुलाने आता स्वतःच मोजणीचं विचारायला सुरुवात केली आहे. भाऊबहिणीत या जमिनीवरून चाळीस वर्षांत शब्द झाला नव्हता.

आखाजी हा सालदारकीचाही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर गडी ठरवण्याचाही दिवस. जुनं साल संपतं, नवं ठरतं. आबांकडे अकरा महिने विहिरीवर राबणारा माणूस गेली कित्येक वर्षं तोच आहे. त्याला त्या पाच एकरांची नस न् नस माहीत आहे: कुठे पाणी तुंबतं, कुठे हुमणी लागते, कोणत्या बांधावर साप. सालाचे लाखाच्या वर ठरतात. खाणंपिणं, आजारपण, पोरांचं शिक्षण सगळं सोडून त्याने रुपया न् रुपया बाजूला टाकला, तरी त्या वावरातला एक एकर घ्यायला त्याला पन्नास वर्षांच्या आसपास लागतील, आणि तोवर भाव थांबून राहायला हवा. तो ज्या वर्षी इथे आला त्या वर्षी हे अंतर एवढं नव्हतं. मधल्या काळात त्याने काही चुकीचं केलं नाही. तो फक्त कपाशी पिकवत राहिला.

या आखाजीला त्याने पैसे मागितले नाहीत. म्हणाला, नाल्याकडचं दीड एकर माले निम्म्या वाट्यानं द्या, पाच वर्षांसाठी. मी ठिबक टाकसू, शेणखत टाकसू, केळी करी पाहसू. मग थोडं थांबून म्हणाला, "माले पैसा नको आबा, कागद करी द्या." कागद मागण्यात त्याचं गणित बरोबर आहे. नावावर काही नसलेल्या वाटेकऱ्याला पीककर्ज सहसा मिळत नाही, आणि गारपिटीचे पैसे आले तर ते सातबारावाल्याच्या खात्यात जातात. पुढच्या वर्षी काढून घेतील अशा जमिनीत ठिबकच्या नळ्या कोण पुरेल?

आबांचा चेहरा उतरला. कागद म्हणजे कूळ, कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क, आणि कूळ लागलं म्हणजे अडीच कोटी गेले, ही भीती आमच्याकडे प्रत्येक मालकाच्या पोटात आहे. म्हणून वाटेकरी तोंडी, तोही एका सालाचा, आणि प्लॉटवाले तर तोही नको म्हणून बाभूळ वाढवतात. भाव जितका चढेल तितकी ही भीती चढते.

आणि या पाच एकरांचा इतिहास आबांइतका कोणाला माहीत असणार? ही जमीन मूळची आमची नाही. आजोबा ती एका सावकाराची कूळ म्हणून कसत होते. 1 एप्रिल 1957, कृषक दिन, त्या तारखेला कायद्याने कसणारा मालक झाला. कूळकायद्याच्या बत्तीस ग कलमाची सुनावणी झाली, साऱ्याच्या पटीत किंमत ठरली, आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली. ती पावती अजून आबांच्या लोखंडी पेटीत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. सावकाराने त्या काळी काय काय केलं, कागद होऊ नये म्हणून आजोबांना कसं एका वावरातून दुसऱ्या वावरात फिरवलं, हे आबाच आम्हाला लहानपणी सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

सालदार उभाच होता. आबांनी पानपुडा काढला, चुना लावला, सालाचे दहा हजार वाढवून दिले. वरून एक बंडी आणि बूट. कागदाचं पुढच्या आखाजीला बघू म्हणाले.